गोळी घेतली का?

रात्री नऊच्या सुमारास आपल्या गर्ल्स होस्टेलच्या कॉरिडॉरमधून एक चक्कर मारा. सगळ्यांचे फोन सारखेच चाललेले असतात. "जेवलीस का?" "हो." "भाजी काय होती?" "बटाटा." "अभ्यास चालू आहे ना?" "हो गं आई!" माझ्या फोनमध्ये मात्र एक प्रश्न उलट्या दिशेने जायचा. तो मी विचारायचे. "बाबा, गोळी घेतली का?" पलीकडून उत्तर यायचं, "हो नं, घेतली. तू आपला अभ्यास पाय."

दोन वर्षं हा संवाद रोज झाला. आपण इतक्या लांब राहूनही बाबांची काळजी घेतो, याचा मला थोडासा गर्वसुद्धा होता. तो कसा उतरला, ते सांगण्यासाठी हा लेख.

आम्ही शेलूबाजारचे. वाशीम जिल्हा, मंगरूळपीर तालुका. घरी सोयाबीन आणि तुरीची शेती. चार वर्षांपूर्वी बाबांच्या पायात वावरातला काटा मोडला आणि महिना झाला तरी जखम भरेना. म्हणून रक्त तपासलं, तर शुगर निघाली. तेव्हापासून रोज सकाळी एक गोळी आणि दर तीन महिन्यांनी दवाखाना.

गेल्या दिवाळीत घरी गेले तेव्हा आईने मला मेडिकलमध्ये गोळ्या आणायला पाठवलं. दुकानदार काका सहज म्हणाले, "पोळ्याच्या वेळेस नेल्या होत्या बाबांनी तीस." मी घरी येऊन गोळ्यांचं डबडं उघडलं. सात अख्ख्या गोळ्या, आणि कागदाच्या पुडीत चार अर्धे तुकडे. पोळा ते दिवाळी साधारण साठ दिवस. साठ दिवसांत एकवीस गोळ्यांइतकंच औषध पोटात गेलेलं होतं. म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा. आणि माझ्या प्रश्नाला साठही रात्री "हो नं, घेतली"!

मला भयंकर राग आला. ऐन सणाच्या दिवशी मी बाबांशी भांडले. "तुम्हाला काही झालं तर आमचं काय?" इथपासून "एवढं साधं काम जमत नाही का?" इथपर्यंत सगळं बोलून घेतलं. बाबा काही बोलले नाहीत. चप्पल घातली आणि वावरात निघून गेले.

पी.एल.मधला अभ्यास

मला पडलेला पहिला प्रश्न असा की, दर तीन महिन्यांनी दवाखान्यात शुगर तपासली जायची, मग हे तेव्हाच कसं कळलं नाही?

याचं उत्तर आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे, कारण आपण सगळे तेच करतो. सेमिस्टरभर पुस्तक उघडायचं नाही आणि पी.एल.मध्ये रात्री जागायच्या. बाबाही तपासणीच्या आधीचे चार-पाच दिवस गोळी नियमित घ्यायचे, चहा बिनसाखरेचा प्यायचे, रात्री भात टाळायचे. उपाशीपोटीची शुगर बरी यायची. पास!

पण शुगरची आणखी एक तपासणी असते, एचबीएवनसी. रक्तातली साखर लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे मागच्या दोन-तीन महिन्यांत साखर सरासरी किती होती, याचा हिशेब त्या पेशीतच लिहिला जातो. इन्स्ट्रुमेंटेशनच्या भाषेत सांगायचं तर उपाशीपोटीची शुगर हे एक सुटं रीडिंग आणि एचबीएवनसी हा डेटा लॉगर. पहिली लेखी परीक्षा, दुसरी वर्षभराची हजेरी. ५.७ च्या खाली नॉर्मल, ६.५ आणि त्यावर मधुमेह, आणि उपचार चालू असलेल्या बऱ्याच जणांना डॉक्टर ७ च्या आसपास राहायला सांगतात. दिवाळीनंतर बाबांची ही तपासणी केली. ९.६ आली. (रक्त कमी असेल किंवा सिकलसेल असेल तर हा आकडा फसवू शकतो. आपल्या विदर्भात सिकलसेल बऱ्यापैकी आहे, म्हणून ते डॉक्टरांना आधी सांगितलेलं बरं.)

आता खरी भीतीची गोष्ट पुढे आहे. हा ९.६ आकडा पाहून डॉक्टर गोळीचा डोस वाढवायला निघाले होते. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. पेशंट म्हणतो गोळी रोज घेतो, आकडा म्हणतो साखर उतरत नाही, म्हणजे गोळी कमी पडते! मी मध्येच बोलले नसते तर डोस वाढला असता. आणि उद्या घाबरून बाबांनी तो वाढीव डोस खरोखरच रोज घेतला असता, तर साखर एकदम खाली जाण्याचा धोका होता. न घेतलेल्या गोळीपेक्षा न सांगितलेली गोळी जास्त घातक असते, हे मला त्या दिवशी कळलं.

वावरात काय कळलं

दोन दिवसांनी मी बाबांबरोबर वावरात गेले. या वेळी भांडले नाही. धुऱ्यावर बसून एवढंच म्हटलं, "बाबा, गोळी नाही घेतली तर नाही घेतली. पण का नाही घेतली ते सांगा. मी रागावणार नाही."

बराच वेळ गप्प राहून बाबा म्हणाले, "फवारणीच्या टायमाले घेतली होती गोयी. सकायीच घेतली अन् तसाच वावरात आलो. धा वाजता हातपाय थरथराले लागले, घाम फुटला, डोयापुढं अंधारी आली. मले वाटलं फवारा लागला."

फवारा लागणं म्हणजे काय, हे आमच्याकडे वेगळं सांगावं लागत नाही. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी दगावले, तेव्हापासून त्याची धास्ती घरोघरी आहे. पण बाबांना शेजारच्या वावरातल्या काकांनी गुळाचा खडा दिला आणि पंधरा-वीस मिनिटांत सगळं थांबलं. बाबांनी बरोबर ओळखलं की हा फवारा नाही, ही गोळी आहे. बाबांच्या गोळीत दोन औषधं आहेत, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. त्यातलं ग्लिमेपिराइड शरीराला जास्त इन्शुलिन सोडायला लावतं. ते पोटात गेलं आणि मागून जेवण गेलं नाही, तर साखर नको तितकी उतरते. ही गोळी न्याहारीसोबत घ्यायची असते. पण वावरातला माणूस सकाळी सहाला चहा पिऊन निघतो आणि अकराला भाकर सोडतो. या वेळापत्रकात न्याहारी कुठे आहे?

म्हणून बाबांनी त्यांच्यापुरता तोडगा काढला. ज्या दिवशी वावरात जायचं, त्या दिवशी गोळी नाही. आणि ज्या दिवशी वावरात जायचं नाही, असे दिवस पोळा ते दिवाळी कितीसे असतात? निंदण, फवारणी, मग सोंगणी.

अर्ध्या तुकड्यांचं कारण विचारलं तर बाबा आधी हसण्यावारी नेत होते. मग म्हणाले, "अर्धी घेतली त महिन्याच्या गोया दोन महिने जातात." सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीला हातात येतो. ऑगस्ट-सप्टेंबरात कास्तकाराचं घर पूर्ण कोरडं असतं. बियाणं, खत, फवारा, सगळं उधारीवर. आणि नेमकी त्याच वेळी कुणाच्या तरी होस्टेलची आणि मेसची फी भरायची असते. कुणाच्या, ते मी लिहायला नको.

या अर्ध्या गोळीत माझीही चूक आहे आणि ती मला इथे कबूल करायची आहे. पाकिटावर गोळीच्या नावापुढे इंग्रजीत 'एस.आर.' लिहिलेलं आहे, सस्टेन्ड रिलीज. म्हणजे मेटफॉर्मिन पोटात एकदम न सुटता हळूहळू सुटावं, अशी त्या गोळीची रचनाच केलेली असते. अशी गोळी तोडली की ती रचना बिघडते. औषध लवकर सुटतं, पोट बिघडू शकतं, आणि दिवसभर पुरायचं ते पुरत नाही. बाबांचं पोट बिघडतच होतं, आणि त्यामुळे ते आणखी गोळ्या चुकवत होते. आमच्या घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. बाबांनी ऐपत नसताना मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं, तेही 'पोरीले इंग्रजी आलं पाहिजे' म्हणून. त्या इंग्रजीचा उपयोग करून मी चार वर्षांत एकदाही ते पाकीट वाचलं नव्हतं! फोनवर "घेतली का?" विचारणं सोपं होतं. पाकीट वाचून "ही तोडू नका, न्याहारीसोबत घ्या" हे सांगणं माझं काम होतं, आणि ते मी केलं नाही.

शेवटचं कारण बाबांनी उठता उठता सांगितलं. "मले काही होतच नाही त कायले खाऊ?" बाबा अंगाने काटकुळे आहेत. गावात सगळे म्हणतात, एवढा बारीक माणूस, याला कसली शुगर! शुगर म्हणजे पोट सुटलेल्या शहरी माणसाचा आजार, अशी आपली समजूत. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपले इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबतचा स्वतःचाच फोटो २००४ साली 'लॅन्सेट' मध्ये छापला होता. दोघांचा बी.एम.आय. अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! दिसायला बारीक, आतून चरबीदार, असा आपला भारतीय देह. तेव्हा काटकुळेपणावर विसंबून राहू नये.

बाबा एकटे नाहीत

कॉलेजला परत आल्यावर मी या विषयावर जमेल तेवढं वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली दीर्घकाळच्या आजारांत औषध नियमित घेण्यावर एक अहवाल काढला होता. त्यात म्हटलंय की श्रीमंत देशांतसुद्धा असे रुग्ण सरासरी निम्मेच औषध ठरल्याप्रमाणे घेतात, आणि गरीब देशांत प्रमाण याहून कमी आहे. म्हणजे हा अडाण्यांचा किंवा खेड्यातल्यांचा दोष नाही. माणूस नावाचं मशीनच तसं आहे.

आणि आपल्याकडे आकडा किती मोठा? आय.सी.एम.आर.च्या इंडियाब या पाहणीचे देशभराचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यानुसार भारतात अंदाजे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. आपल्या वर्गातल्या कितीजणांच्या घरी शुगर आहे, असं विचारून बघा. हात वर झालेले मोजा.

क्षयरोगाचं उदाहरण घ्या. डॉट्समध्ये गोळी कोणाच्या तरी देखत घ्यायची पद्धत होती, आणि साधा क्षय असेल तर सहा महिन्यांत कोर्स संपतो. रुग्णाला शेवट दिसतो. मधुमेहाच्या गोळीला शेवट नाही. आज घेतली तर आज काही फायदा दिसत नाही, आज चुकवली तर आज तोटाही दिसत नाही. बिल येतं ते दहा-पंधरा वर्षांनी, डोळे, किडनी आणि पाय यांच्या नावावर. ब्रिटनमध्ये नव्याने मधुमेह झालेल्या पाच हजारांवर लोकांचा युकेपीडीएस नावाचा मोठा अभ्यास झाला. १९९८ च्या त्याच्या निष्कर्षांनुसार, साखर काटेकोर ताब्यात ठेवलेल्यांमध्ये डोळे-किडनीसारख्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचं नुकसान सुमारे पाव हिश्श्याने कमी झालं. आणि २००८ मध्ये पुन्हा पाहिलं, तर सुरुवातीच्या वर्षांतल्या त्या शिस्तीचा फायदा दहा वर्षांनीही टिकून होता. फर्स्ट इयरचे मार्क शेवटपर्यंत कामाला येतात, तसं.

खोटं रीडिंग कोण देतं?

आता माझं मत. आपण सर्रास म्हणतो, "पेशंट ऐकतच नाही." दवाखान्यात म्हणतात, घरी म्हणतात, मीही म्हटलं. मला आता वाटतं की हे वाक्य बोलणारा माणूस स्वतःची सुटका करून घेत असतो.

मित्रांनो, प्रॅक्टिकलला आपण काय करतो ते आठवा. रीडिंग ग्राफवर बसलं नाही की सर ओरडतात, एक्सपरिमेंट परत करायला लावतात. म्हणून आपण रीडिंग 'अ‍ॅडजस्ट' करतो. जर्नलमध्ये सरळ रेष येते, सही मिळते आणि मीटर बिघडलेलं होतं हे कुणालाच कळत नाही. (सर, हा लेख वाचून जर्नल पुन्हा तपासू नये, ही नम्र विनंती!) बाबांनी तेच केलं. रोज रात्री मी विचारत होते, ती चौकशी नव्हती, हजेरी होती. तिला एकच उत्तर चालणार होतं. सेन्सरला दम दिला की तो साहेबांना आवडेल तेच रीडिंग देतो, आणि चुकीच्या रीडिंगवर चालणारी कंट्रोल सिस्टिम काय करते, हे आपल्याला थर्ड इयरला शिकवलेलंच आहे. डोस वाढवते!

कुणी म्हणेल, मग सगळी चूक घरच्यांची आणि डॉक्टरांची, पेशंटची काहीच नाही? तसं नाही. शरीर बाबांचं आहे, गोळी त्यांनाच गिळायची आहे, आणि तपासणीपुरती शिस्त ही स्वतःचीच फसवणूक आहे, हे मी बाबांना तोंडावर सांगितलंय. पण अडचण सांगितल्यावर बोलणी खावी लागतील ही खात्री असेल, तर शहाणा माणूससुद्धा अडचण सांगत नाही. आधी ती खात्री काढून टाकली पाहिजे.

समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज आमच्या गावाजवळच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये रस्ता सुरू झाला आणि नागपूर, तिथले मोठे स्पेशालिस्ट, सगळं दोन-अडीच तासांवर आलं. पण अलमारीतलं डबडं ते तोंड हे जे दोन फुटांचं अंतर आहे, त्यावर कुणी रस्ता बांधत नाही. तो आपल्यालाच बांधायचा आहे.

तो बांधता येतो, याचं उदाहरणही आहे. २०१७ च्या अखेरीस उच्च रक्तदाबासाठी देशात एक उपक्रम सुरू झाला. पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता आणि आपल्या विदर्भातले वर्धा, भंडारा हे जिल्हे त्यात होते. त्यात साध्याच गोष्टी होत्या: ठरलेली मोजकी औषधं, ती घराजवळच्या केंद्रात मोफत आणि संपणार नाहीत एवढा साठा, आणि जो आला नाही त्याची नोंद ठेवून पाठपुरावा. पेशंटला रागवा, असं त्यात कुठेच नव्हतं!

आता आपण काय करायचं?

आमच्या घरी जे केलं, तेच सांगते. डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. वावराची वेळ, थरथर, अर्धी गोळी, पैसे. डॉक्टरांनी डोस वाढवला नाही, उलट औषध बदलून गोळीची वेळ बाबांच्या जेवणाशी जोडून दिली. वावरात खिशात गूळ असतो. स्वस्त पर्याय विचारला, तर तोही निघाला. सरकारी आरोग्य केंद्रांत राष्ट्रीय कार्यक्रमाखाली मधुमेहाची नेहमीची औषधं मोफत मिळतात, जनऔषधी दुकानांत जेनेरिक स्वस्त मिळतात. नव्या गोळ्यांपैकी सिटाग्लिप्टिनचं पेटंट २०२२ मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये संपल्यावर त्यांच्याही किमती उतरल्या. फक्त एक, गोळी आपल्या मनाने बदलायची नाही, तोडायची नाही, आणि एक चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

आणि उपास! आपल्याकडे नवरात्राचे नऊ दिवस, श्रावणी सोमवार, एकादशी, आणि मुस्लिम मित्रांकडे रोजे. काही जण गोळी घेऊन उपाशी राहतात, काही गोळी सोडून साबुदाणा हाणतात. दोन्ही वाईटच. उपासाआधी डॉक्टरांना विचारलं तर ते डोसची वेळ बदलून देतात. देव काही प्रिस्क्रिप्शन पाहून रागावत नाही.

होस्टेलमधल्या सगळ्यांना माझी विनंती आहे. पुढच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा आई-बाबांच्या, आजी-आजोबांच्या गोळ्यांचं डबडं उघडून बसा. पाकीट वाचा, गोळ्या मोजा, पण पोलिसासारख्या मोजू नका. 'घेतली का?' विचारण्याऐवजी 'या आठवड्यात किती चुकल्या, आणि कशामुळे?' असं विचारा. कुणाच्याही चुकतातच, हे धरूनच विचारा. आपल्या स्टाफमधल्याही काहींना शुगर असेल. सलग लेक्चर आणि व्हायवामध्ये त्यांचं जेवण टळतं, तेव्हा "सर, आधी जेवून घ्या" म्हणायला आपलं काय जातं?

आता रात्री नऊला मी बाबांना विचारते, "किती राहिल्या?" बाबा डबडं उघडून मोजतात आणि आकडा सांगतात. मागच्या आठवड्यात ते आपणहून म्हणाले, "आज चुकली पोरी. तुरीच्या नादात राहून गेली."

चार वर्षांत बाबांनी दिलेलं ते पहिलं खरं रीडिंग. मी म्हटलं, "असू द्या बाबा, उद्याची नेहमीच्या वेळेला घ्या." मग त्यांनी विचारलं, "जेवलीस का?" मी म्हटलं, "हो." भाजी बटाट्याचीच होती.

(तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन)